सिंहांच्या घरात आजी, आई आणि मावश्या

तुमच्या गल्लीतल्या मांजरीकडे कधी नीट पाहिलं आहे का? ती एकटी येते, एकटी जाते. समोरून दुसरी मांजर आली की पाठ कमानीसारखी वर करते, शेपूट फुलवते आणि असा आवाज काढते की रात्री अख्खी चाळ जागी होते. आपल्या जागेत दुसरं कोणी आलेलं तिला चालत नाही. वाघाचंही तसंच. ताडोबातली वाघीण एकटी राहते, एकटी शिकार करते, आणि पिल्लं झाली की जवळजवळ दोन वर्षं एकटीच त्यांचं सगळं करते. बिबट्याही एकटाच हिंडतो.

सिंहसुद्धा मांजराच्याच कुळातला. पण त्याला घर भरलेलं लागतं. एवढा मोठा कुटुंबकबिला घेऊन राहणारा मांजरकुळातला प्राणी तेवढा एकच. या घरात कोण कोण असतं, कोण काय काम करतं, घरातून कोण निघून जातं, हे आज बघू.

त्यासाठी आफ्रिकेत जायला हवं. टांझानिया नावाच्या देशात सेरेंगेटी नावाचं प्रचंड मोठं गवताळ मैदान आहे. मसाई लोकांच्या भाषेतल्या या नावाचा अर्थ ‘न संपणारं मैदान’ असा सांगतात. नजर जाईल तिथपर्यंत गवत, आणि मध्येच कुणीतरी आणून रचल्यासारखे मोठमोठे गोलसर खडक. दुपारची वेळ आहे. ऊन रणरणतंय. खडकांच्या सावलीत सिंहांचा ढीग पडलाय. ढीगच म्हणायचं, कारण एकीचं डोकं दुसरीच्या पोटावर, तिसरीचा पंजा चौथीच्या कानावर, आणि मधल्या फटीत दोन-तीन छावे घुसून झोपलेले. एखादी शेपूट हलते, माशी उडते, पुन्हा सगळं शांत. सिंह दिवसातले वीस-वीस तास असे लोळून काढतात.

या ढिगात कोण कोण आहे? जिच्या कानाची कड फाटली आहे ती आजी. तिच्याजवळ तिच्या दोन मुली. त्या एकमेकींच्या बहिणी, म्हणजे एकीच्या छाव्यांची दुसरी मावशी. पलीकडे उताणी झोपलेली तरणी सिंहीण त्यांची मावसबहीण. आपण मांजरीला वाघाची मावशी म्हणतो ते गमतीने. सिंहाच्या छाव्याला मात्र खरीखुरी मावशी असते, आणि एक नाही, चांगल्या तीन-चार. कळपातल्या सगळ्या मोठ्या माद्या एकमेकींच्या नात्यातल्याच असतात.

आणि आयाळवाला सिंह? तो थोडा लांब, दुसऱ्या झुडपाखाली पडलाय. कधी असा एकच नर कळपात असतो, बहुतेकदा दोन-तीन असतात. पण त्यांचा जन्म या घरातला नाही. ते बाहेरून आलेले आहेत, आणि काही वर्षांनी त्यांना जावंही लागणार आहे. गोष्टींमध्ये सिंह नेहमी राजा असतो, आणि चित्रात आयाळ पिंजारून तोच पुढे उभा असतो. त्यामुळे घर त्याचं असं आपल्याला वाटतं. खरं तर घर सिंहिणींचं आहे. मला सिंहांबद्दल तुम्हाला एकच गोष्ट सांगायला मिळाली असती तर मी हीच सांगितली असती.

आपल्याकडे मुलगी लग्न करून सासरी जायची पद्धत पूर्वीपासून आहे. सिंहांकडे बरोबर उलटं आहे. मुलगी ज्या कळपात जन्मते त्याच कळपात वाढते, तिथेच आई होते आणि तिथेच आजी होते. सगळा जन्म माहेरी! आजी ज्या ओढ्यावर पाणी प्यायली, ज्या खडकांत तिने पिल्लं लपवली, तोच ओढा आणि तेच खडक नातीला मिळतात. कळपात माद्या फार झाल्या तर काही तरण्या बहिणी मिळून शेजारीच वेगळं बिऱ्हाड थाटतात. पण मुलगे घरात राहत नाहीत. दोन-तीन वर्षांचे झाले, मानेवर आयाळ दिसू लागली, की ते घर सोडतात. म्हणून सिंहाच्या छाव्याला मावश्या भरपूर, पण मामा कोणी भेटतच नाही. आईचे भाऊ केव्हाच दूर निघून गेलेले असतात. सुट्टी लागली की मामाच्या गावाला पळणाऱ्या आपल्याला हे फार चमत्कारिक वाटतं.

मग या घरातली मुख्य कोण? सगळ्यांत मोठी आजी? की सगळ्यांत ताकदवान मावशी? शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं बघून याचं उत्तर शोधलं आणि ते मला फार आवडतं: मुख्य कोणीच नाही. ठिपकेवाल्या तरसांच्या टोळीत मान ठरलेला असतो, पहिली कोण, दुसरी कोण, आणि आईचा मान मुलीला मिळतो. सिंहिणींमध्ये असं काही नाही. तू पिल्लं द्यायची आणि तू नाही, असं कोणी कोणाला सांगत नाही. सिंहांच्या घरात राणी नसते.

आता छाव्यांकडे येऊ. छावा आईच्या पोटात साधारण ११० दिवस असतो, म्हणजे साडेतीन महिन्यांहून थोडं जास्त. जन्माची वेळ जवळ आली की सिंहीण कळप सोडून एकटी जाते. दाट झुडूप, खडकातली फट, ओढ्याकाठचं उंच गवत अशी लपायची जागा शोधते. तिथे तिला दोन, तीन किंवा चार पिल्लं होतात. एकेकाचं वजन साधारण सव्वा-दीड किलो. वाण्याकडून दीड किलो साखर आणली तर पिशवी जेवढी जड लागते, तेवढंच. डोळे बंद, अंगावर पुसट ठिपके, चालता येत नाही. आठवडा-दीड आठवड्याने डोळे उघडतात तेव्हा ते निळसर असतात. पुढे दोन-तीन महिन्यांत त्यांचा रंग मधासारखा होतो.

हे पहिले दिवस फार जोखमीचे असतात. आईला खायला तर हवं. ती शिकारीला जाते तेव्हा पिल्लं कित्येक तास एकटी असतात, आणि आजूबाजूला तरस असतात, बिबटे असतात. म्हणून ती एका जागी फार दिवस थांबत नाही. पिल्लांचा वास एका ठिकाणी साचला तर कोणीतरी माग काढत येईल. दर काही दिवसांनी ती एकेका पिल्लाला मानेच्या कातडीला दातांत धरून उचलते आणि नव्या जागी नेऊन ठेवते. ज्या जबड्यात झेब्र्याची मान धरते, त्याच जबड्यात हे दीड किलोचं पिल्लू. पिल्लूही त्या वेळी अजिबात वळवळत नाही. हातपाय सैल सोडून लोंबकळत राहतं.

सहा ते आठ आठवड्यांची झाली की पिल्लांना पहिल्यांदा घरी आणायचा दिवस येतो. आई हळूहळू चालत येते, मागे छावे. समोर एवढाले मोठे प्राणी बघून ते आईच्या पायांत घुसतात. एक मावशी उठते, वास घेते, आईच्या डोक्याला डोकं घासते. सिंह एकमेकांना भेटले की असंच करतात, डोकं डोक्याला, मग अंग अंगाला, आणि घशातून अगदी हलका आवाज. त्यामुळे सगळ्यांचा वास सगळ्यांना लागतो. आपल्या घराचा वास. मग मोठे मावसभाऊ येतात, पंज्याने नव्या छाव्याला लोळवतात. तो उठतो, पुन्हा लोळवतात. थोड्या वेळाने नव्याची भीड चेपते आणि तो जातो सरळ त्या आयाळवाल्या सिंहाकडे. सिंहाच्या शेपटीच्या टोकाला काळा गोंडा असतो. असा गोंडा दुसऱ्या कुठल्याच मांजरकुळातल्या प्राण्याला नाही. छाव्याला वाटतं हे खेळणं आपल्यासाठीच आहे. तो गोंडा धरून चावतो. सिंह दात दाखवतो, गुरगुरतो आणि बहुतेक वेळा उठून दुसरीकडे जाऊन झोपतो.

बऱ्याचदा कळपातल्या दोन-तीन सिंहिणींना साधारण एकाच सुमाराला पिल्लं होतात. मग त्या आपापली पिल्लं एकत्र आणतात आणि सगळ्यांचं मिळून एक पाळणाघर सुरू होतं. दहा-बारा छावे आणि त्यांच्याभोवती आया आणि मावश्या. छावे सगळे एका वयाचे असले की बरं पडतं. नाहीतर मोठे छावे दूधही पळवतात आणि मांसही.

या पाळणाघरात दुधाचीही मोठी गंमत असते. सिंहिणीला चार सड असतात. आपली पिल्लं कोणती हे तिला पक्कं ठाऊक असतं आणि जास्त दूध ती त्यांनाच देते. दुसऱ्याचा छावा आला तर जागेपणी ती कधी फिस्कारते, कधी पाय झटकते. पण तिला झोप लागली की? बहिणीचा भुकेला छावा हळूच येतो, तिच्या पिल्लांच्या रांगेत घुसतो आणि प्यायला लागतो. ती डोळे किलकिले करते, बघते, आणि झोप आवरत नसल्यामुळे पुन्हा डोळे मिटते. सेरेंगेटीत हे शास्त्रज्ञांनी कितीतरी वेळा पाहिलं. सिंहिणी एकमेकींच्या पिल्लांना दूध पाजतात असं पुस्तकात लिहिलेलं असतं ते खरंच आहे. ते बरंचसं असं, झोपेत चालतं.

शिकारीची वेळ संध्याकाळी आणि रात्री. तुम्ही कबड्डी खेळला असाल तर सिंहिणींची शिकार लगेच समजेल. आफ्रिकेतल्याच नामिबिया देशात इटोशा नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे फिलिप स्टँडर नावाच्या शास्त्रज्ञाने सिंहिणींची शिकार पुष्कळ वर्षं पाहिली. त्याला असं दिसलं की प्रत्येकीची जागा ठरलेली असते. काही सिंहिणी लांबून वळसा घालून डाव्या-उजव्या बाजूला जातात. हे झाले कोपरारक्षक. काही मध्ये गवतात दबून बसतात. हे मध्यरक्षक. बाजूच्या सिंहिणी हरणांवर धाव घेतात, हरणं उधळतात आणि पळत पळत येतात ती नेमकी मध्ये दबून बसलेल्यांच्या पुढ्यात. आणि बहुतेकदा तीच सिंहीण डावीकडे, तीच मध्ये. ज्या दिवशी सगळ्या आपापल्या जागी असतील त्या दिवशी शिकार मिळायची शक्यता जास्त.

दर वेळी सगळ्या जणी मदतीला धावतात असं मात्र नाही. एखादं छोटं रानडुक्कर असेल, एकटीला जमण्यासारखं, तर एक जण जाते आणि बाकीच्या बसून बघतात. रानम्हैस असेल तर गोष्ट वेगळी. तिची शिंगं एका झटक्यात सिंहिणीचा जीव घेऊ शकतात, तिथे सगळ्यांना उठावंच लागतं. एवढं करूनही शिकार पुष्कळदा हुकते. सिंहीण जोरात धावते, पण थोडाच वेळ. झेब्रा ती थकेपर्यंत तग धरतो आणि निसटतो.

शिकार मिळाली की पंगत बसते, पण या पंगतीत वाढपी नाही आणि कोणी ‘घ्या, घ्या’ म्हणत नाही. नुसती गुरगुर, ढकलाढकली आणि पंज्यांचे फटके. जिने जी जागा धरली ती तिची. नर तिथे असले तर त्यांच्या ताकदीमुळे त्यांना आधी आणि जास्त मिळतं. आपण ‘सिंहाचा वाटा’ म्हणतो तो हाच. छाव्यांचा नंबर शेवटी. मांस भरपूर असेल तर सगळ्यांची पोटं फुगतात आणि सगळे आडवे होतात. पण कोरड्या महिन्यांत, हरणांचे कळप लांब गेलेले असतात तेव्हा, छावे उपाशी राहतात. सिंहाचे कितीतरी छावे पहिला वाढदिवस बघत नाहीत. हे वाचायला बरं वाटत नाही, पण तुमच्यापासून लपवावं असंही मला वाटत नाही.

छाव्यांना शिकारीला जाता येतं ते साधारण वर्षाचे झाल्यावर, आणि तेही नवशिकेच. ते घाई करतात, भलत्या वेळी उभे राहतात, शिकार पळवून लावतात. खरी शिकार जमायला दोन वर्षं लागतात. तोवर आई आणि मावश्या मिळवतील तेच खायचं.

मग त्या आयाळवाल्या बाबांचं काम काय? शिकारीत ते कमी दिसतात, हे खरं. एवढी मोठी आयाळ घेऊन उघड्या मैदानात लपणार तरी कुठे? त्यांचं काम आहे पहारा. रोज रात्री ते आपल्या हद्दीवरून फिरतात, झाडाझुडपांवर मुतून वासाच्या खुणा करतात आणि गर्जना करतात. शांत रात्री सिंहाची गर्जना आठ किलोमीटरपर्यंत ऐकू जाते. दादरहून निघालेली लोकल मशीद बंदरला पोचते, जवळजवळ तेवढं अंतर. त्या गर्जनेचा अर्थ असा, की इथे आम्ही आहोत, तुम्ही पुढे येऊ नका.

आयाळीचाही उपयोग आहे. सेरेंगेटीत शास्त्रज्ञांनी खऱ्या सिंहाएवढे मोठे खेळण्यातले सिंह केले. एकाची आयाळ फिकी, एकाची काळपट. ते मैदानात ठेवले आणि गाडीत बसून बघत राहिले. सिंहिणी काळपट आयाळवाल्याकडे आधी गेल्या. नर आले ते मात्र त्याला टाळून फिक्या आयाळवाल्याकडे वळले. काळपट आयाळ म्हणजे धडधाकट, पोटभर खाऊन असलेला सिंह. सिंहिणींना तसा पहारेकरी हवा असतो, आणि परक्या नरांना त्याच्याशी पंगा नको असतो.

परके नर म्हणजे कोण? घर सोडून गेलेले मुलगेच! आठवतंय ना, दोन-तीन वर्षांचे झाल्यावर निघाले होते. सख्खे भाऊ, मावसभाऊ असे दोघं-तिघं-चौघं मिळून निघतात आणि एकमेकांना सोडत नाहीत. ज्याला भाऊच नाही तो रस्त्यात भेटलेल्या दुसऱ्या एकट्याशी दोस्ती करतो. काही वर्षं भटकायचं, मिळेल ते खायचं, मोठ्या सिंहांच्या गर्जना ऐकून रस्ता बदलायचा. अंगात ताकद आली, आयाळ भरली, की ते एखाद्या कळपाच्या नरांना आव्हान देतात. जिंकले तर तो कळप त्यांचा. पण तोही साधारण दोन-तीन वर्षंच. मग त्यांच्याहून तरणे कोणीतरी येतात.

असे नवे नर येतात तेव्हा घरात सगळ्यांत वाईट दिवस असतात. आधीच्या नरांचे लहान छावे नव्यांना नको असतात आणि ते त्यांना मारून टाकतात. कारण छावे लहान आहेत तोवर सिंहिणीला पुन्हा पिल्लं होत नाहीत, आणि नव्या नरांना स्वतःची पिल्लं हवी असतात, तीही त्यांना हुसकून लावलं जाण्याच्या आत. यात दुष्टपणा नाही, प्राण्यांना चांगलं-वाईट असं काही कळत नाही. पण आईला तिची पिल्लं हवीच असतात, आणि ती लढते. एकटी सिंहीण नराला पुरी पडत नाही, नर तिच्यापेक्षा दीडपट वजनाचा असतो. तीन-चार बहिणी एकत्र उभ्या राहिल्या तर मात्र तोसुद्धा मागे सरतो.

एकत्र राहायचं कारण इथेच सापडतं. पूर्वी लोकांना वाटायचं, सिंह एकत्र राहतात ते एकत्र शिकार करता यावी म्हणून. पण वाघ एकटाच शिकार करून पोट भरतो की. आणि एकत्र मारलेली शिकार खायला तोंडंही जास्त. सेरेंगेटीतल्या सिंहांवर १९६६ मध्ये जॉर्ज शॅलर यांनी अभ्यास सुरू केला, पुढे १९७८ पासून क्रेग पॅकर आणि त्यांच्या सोबत्यांनी तो कित्येक वर्षं चालवला. आज्या, आया, नाती अशा पिढ्यानपिढ्या त्यांनी वहीत टिपल्या. त्यातून दिसलं की सिंहिणी एकत्र राहतात त्या मुख्यतः दोन गोष्टी सांभाळायला: छावे आणि जागा. मैदानात सगळी जागा सारखी नसते. जिथे दोन ओढ्यांचा संगम होतो तिथे पाणी टिकतं, लपायला झाडी असते, पाण्यावर हरणं येतात. अशा संगमाजवळची जागा ज्या कळपाकडे, त्या कळपाचे छावे जास्त जगतात. अशी जागा सगळ्यांनाच हवी असणार. ती राखायची तर बहिणी पाठीशी हव्यात.

तुम्हाला वाटेल, शेकडो सिंह आहेत, ही आजी आणि ही नात हे ओळखायचं कसं? सिंहाच्या मिशांकडे बघायचं! मिशांचे केस ओळीने उगवतात, आणि सगळ्यांत वरच्या ओळीच्या वर काही मोजके काळे ठिपके असतात. ते कुठे आणि किती, हे प्रत्येक सिंहाचं वेगळं. आपल्या बोटांच्या ठशांसारखंच. ते जन्मभर बदलत नाहीत. शास्त्रज्ञ प्रत्येक सिंहाचा चेहरा कागदावर काढून त्यावर हे ठिपके मांडतात, फाटलेला कान, तुटलेला दात अशा खुणाही लिहितात. हजेरीपटच म्हणा.

सेरेंगेटीतला एक प्रयोग तर मला मोठेपणीही पुन्हा पुन्हा आठवतो. कळपातले सगळे सिंह नेहमी एका जागी नसतात. दोघी इथे, तिघी त्या टेकडीपलीकडे, असे पांगलेले असतात. शास्त्रज्ञांनी संध्याकाळी झुडपात मोठा स्पीकर लपवला आणि परक्या सिंहिणीची गर्जना वाजवली. कधी एकीची, कधी तिघींची एकत्र. जवळच्या सिंहिणी ताडकन डोकं वर करून ऐकू लागल्या. आवाज एकीचाच असेल आणि आपण तिघी-चौघी असू, तर त्या उठून सरळ आवाजाच्या दिशेने चालू लागायच्या. आवाज तिघींचा असेल आणि आपण कमी असू, तर थांबायच्या, विचार करत असल्यासारख्या रेंगाळायच्या, आणि कधी स्वतः गर्जना करायच्या, जणू टेकडीपलीकडच्या बहिणींना हाक मारावी तशा. म्हणजे सिंहिणी मोजतात! बोटं नाहीत, पाढे नाहीत, पण आपण किती आणि ते किती, हे त्यांना कळतं.

त्यातही काही जणी नेहमी पुढे असतात आणि काही जणी दर वेळी मागे राहतात. पुढची सिंहीण चालता चालता थांबते आणि वळून मागे बघते, येतेय की नाही ही. मागची येते, पण रमतगमत. गंमत अशी, की मागे राहणारीला कोणी शिक्षा करत नाही. रात्री सगळ्या पुन्हा एकमेकींना डोकं घासून एकाच ढिगात झोपतात.

आता आपल्या शेजारी येऊ. आफ्रिकेबाहेर रानात सिंह फक्त एकाच ठिकाणी उरले आहेत, ते गुजरातेत, गीरमध्ये. साधारण शंभर वर्षांपूर्वी तिथे थोडेच सिंह शिल्लक होते. जुनागढच्या नवाबांनी शिकारीला बंदी घातली, पुढे सरकारने जंगल राखलं, आणि २०२५ च्या गणतीत गीर आणि आसपास मिळून ८९१ सिंह मोजले गेले. तिथले लोक सिंहाला ‘सावज’ म्हणतात. आपल्या मराठीत सावज म्हणजे ज्याची शिकार करायची ते. शब्द तोच, पण आपल्याकडे तो हरणाला लागतो आणि तिकडे सिंहाला!

गीरच्या सिंहांचं घर आफ्रिकेतल्या घरापेक्षा लहान असतं. इथे मैदान नाही, सागाचं आणि काटेरी झुडपांचं जंगल आहे, आणि मोठ्या शिकारीऐवजी चितळासारखी मध्यम हरणं जास्त. एका चितळात किती जणींचं पोट भरणार? म्हणून दोघी-तिघी बहिणी आणि त्यांचे छावे, एवढंच घर. आणि नर त्यांच्यात राहतच नाहीत. ते आपल्या जोडीदाराबरोबर वेगळे हिंडतात, फक्त भेटायला किंवा मोठी शिकार झाली तर येतात. गीरच्या सिंहिणींनी छावे वाचवायची आणखी एक युक्ती काढली आहे. त्या आजूबाजूच्या एकाच नाही, तर वेगवेगळ्या नरांशी जोडी जमवतात. मग छावे झाले की त्या सगळ्या नरांना ते आपलेच असतील असं वाटतं आणि कोणी त्यांना इजा करत नाही.

शेवटी गीरच्याच एका सिंहिणीची गोष्ट. २०१८ च्या डिसेंबरात तिथल्या अभ्यासकांना एक सिंहीण दिसली. तिला साधारण तीन महिन्यांचे दोन छावे होते. पण तिच्याबरोबर चालत होती तीन पिल्लं. तिसरं वेगळं होतं, अंगाने बारीक, ठिपके गडद, डोळे निळे. ते बिबट्याचं पिल्लू होतं, साधारण दोन महिन्यांचं. सिंह आणि बिबट्या एरवी एकमेकांचे वैरी. सिंहाला बिबट्याचं पिल्लू सापडलं तर ते वाचत नाही. हिने मात्र त्याला घरात घेतलं होतं. अभ्यासकांनी महिनाभर त्यांच्यावर लक्ष ठेवलं. ती त्याला दूध पाजायची, आपल्या शिकारीतलं मांस खाऊ द्यायची. दोन्ही छावे त्याच्याशी भावासारखे खेळायचे. लहानपणी सिंहाचं पिल्लू काय आणि बिबट्याचं काय, मागतात तेच, दूध, ऊब आणि खेळायला कोणीतरी.

ते पिल्लू फार दिवस जगलं नाही. साधारण दीड महिन्यानंतर ते पाणवठ्याजवळ मेलेलं सापडलं. तपासल्यावर कळलं की जन्मापासूनच त्याच्या पोटाजवळ एक दोष होता, कोणी त्याला मारलं नव्हतं. तोवर ते त्या घरातलंच होतं. त्या दिवसांतल्या फोटोत सिंहीण झुडपाखाली आडवी पडलेली दिसते, आणि तिच्या कुशीला ते ठिपक्यांचं पिल्लू.